पुन्हा उमेदवारी

गोष्ट गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली. दुपारचं आवरून मी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू हातात मोबाईल घेऊन जिना चढून आल्या. आमच्या फुलचूरच्या उन्हात भर दुपारी कोणी गच्चीवर येत नाही. म्हणजे काहीतरी तसंच कारण असणार, हे मी ओळखलं.

"वाच बाई हे. पोरीनं पाठवलंय. मला तर काही सुधरेना. चौतीस वर्षांची झाली, एका लेकराची आई, अन् आता म्हणे 'इंटर्न' होते! इंटर्न म्हणजे शिकाऊच ना गं?"

"हो काकू, तसंच काहीसं."

"मग एवढं शिकवलं कायले आम्ही?"

काकूंच्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. त्यांची मुलगी नागपूरची बी.ई. पुण्याला एका कारखान्यात तिनं नऊ वर्षं मालाची गुणवत्ता तपासण्याचं काम केलं. शेवटी शेवटी तर हाताखाली सहा माणसं होती. मग नवऱ्याबरोबर टोरांटोला गेली. नवऱ्याला कॉम्प्युटरचं काम लवकर मिळालं. हिनं मात्र अकरा महिने अर्ज पाठवले. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येईना, आणि जिथून आलं तिथून एकच प्रश्न आला, "कॅनडातला अनुभव किती?" शेवटी एका गोदामात खोके भरण्याचं काम तिनं धरलं. तासावर पगार, पण काम कायमचं. आणि आता एका कंपनीत सहा महिन्यांची पगारी इंटर्नशिप चालून आली होती. काम तिच्याच विषयातलं. मात्र सहा महिन्यांनंतर पुढे काय, याची हमी कोणी देत नव्हतं.

गोदामाचं हातचं काम सोडावं की नाही? घराचं भाडं, लेकराचं पाळणाघर, सगळं डोक्यावर. जावईबापू म्हणत होते, "तुझं तू ठरव." आणि हे 'तुझं तू ठरव' कधी कधी किती जड असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. काकूंचं मत स्पष्ट होतं, "त्या लोकांना आपल्या पोरींची किंमत नाही. परत या म्हणावं." वर मला गळ घातली, "तू शाळेत शिकवतेस, तूच समजाव तिला."

मी दोन दिवस मागून घेतले. थोडं वाचलं, ओळखीच्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते. कारण आज गोंदियासारख्या गावातूनही लेकी-सुना परदेशी जातात, आणि हा प्रश्न एकट्या काकूंचा राहिलेला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, हे 'शिकाऊ' प्रकरण आपल्याला नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात कचेरीत चिकटायचं तर आधी उमेदवारी करावी लागे. महिनोन् महिने बिनपगारी बसायचं, दप्तर सांभाळायचं, साहेबाची मर्जी संपादायची, आणि जागा निघाली की नाव लागायचं. शब्दच बघा ना, उमेद धरून बसतो तो उमेदवार! पण ती उमेदवारी विशी-बाविशीतली. काकूंना टोचत होतं ते हेच, की नऊ वर्षं काम केलेल्या बाईनं पुन्हा पहिल्या पायरीवर का बसावं?

आता यातली गंमत बघा. गंमत म्हणायची, पण हसू येत नाही अशी. कॅनडानं १९६७ साली बाहेरून येणाऱ्यांना गुण देऊन निवडायची पद्धत सुरू केली. २०१५ पासून 'एक्सप्रेस एन्ट्री' नावाची व्यवस्था आहे. तिथे वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांना गुण मिळतात, आणि परदेशात केलेल्या कामालाही गुण आहेत. म्हणजे सरकार दारात उभं राहून म्हणतं, "तुम्ही अनुभवी आहात, या." आणि आत गेल्यावर कारखानदार म्हणतो, "इथला अनुभव नाही, मग कसं घेऊ?" नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. या फेऱ्यात कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबनीस तिथे टॅक्सी चालवतात नाहीतर दुकानात उभे राहतात.

कारखानदाराला नुसता दुष्ट ठरवूनही भागत नाही. त्याच्या बाजूनं क्षणभर बघू या. नागपूरचं कॉलेज चांगलं की वाईट, त्याला माहीत नाही. पुण्याच्या साहेबाला फोन करून "बाई कशी आहे?" असं विचारावं, तर तो साहेब कोण हेच ठाऊक नाही. आपण तरी काय करतो? लग्नसराईत भारी कापडाचा ब्लाऊज नव्या शिंप्याकडे देतो का? आधी एखादा साधा शिवायला देतो. हात बघतो, फिटिंग बघतो, मग शालूवरचा त्याच्या हवाली करतो. शिंपी वाईट असतो असं नाही. आपल्या ओळखीतलं कोणी त्याच्याविषयी सांगणारं नसतं, एवढंच.

हे ओळखूनच काही ठिकाणी कंपन्या आणि संस्था यांनी मिळून वाट काढली. टोरांटोत 'करिअर एज' नावाची संस्था आहे. तिनं २००३ साली 'करिअर ब्रिज' हा कार्यक्रम सुरू केला. बाहेरच्या देशातून शिकून, अनुभव घेऊन आलेल्या माणसाला कंपनीत काही महिने पगारी काम द्यायचं, तेही त्याच्या स्वतःच्या विषयातलं. त्या शहरात 'ट्रीक' या नावानं ओळखली जाणारी आणखी एक संस्था २००३ सालचीच. तिनं पुढच्याच वर्षी नव्यानं आलेल्याची त्याच पेशातल्या जुन्या जाणत्याशी गाठ घालून द्यायला सुरुवात केली. उद्देश एकच, की इथलं कोणीतरी तुम्हाला ओळखू लागावं.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठानं २००५ मध्ये केलं ते मला शिक्षिका म्हणून फार आवडलं. तिथल्या भाषेच्या अभ्यासकांनी आधी कित्येक वर्षं ऑफिसांत आणि कारखान्यांत माणसं खरोखर कशी बोलतात ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. त्या आधारे त्यांनी बाहेरून आलेल्या शिकलेल्या लोकांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग काढला. काही आठवडे वर्गात, काही आठवडे प्रत्यक्ष ऑफिसात. शिकवायचं काय? इंग्रजीचं व्याकरण नव्हे, ते या लोकांना येतच होतं. शिकवायचं ते हे, की साहेबाला "हे जमणार नाही" कसं सांगावं, कामाबद्दल तक्रार कशी करावी, चहाच्या वेळी चार शब्द कशाबद्दल बोलावेत. तुम्ही म्हणाल, हे काय शिकवायचं? पण नव्या घरात सून म्हणून पाऊल टाकलं तेव्हाचे दिवस आठवा. स्वयंपाक आपल्याला येत होता. येत नव्हतं ते हे, की या घरात वरणात गूळ घालायचा की नाही, आणि ते विचारायचं कोणाला!

कायदाही हळूहळू जागा झाला आहे. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगानं २०१३ मध्ये सांगून टाकलं, की सरसकट 'कॅनडाचाच अनुभव हवा' म्हणणं हा वरकरणी भेदभावच आहे. इंजिनिअरांना परवाना देणाऱ्या तिथल्या संस्थेनं २०२३ मध्ये बारा महिने कॅनडात काम केलेलं असण्याची अट काढून टाकली. आणि १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत अशी अट छापता येत नाही. चांगलंच झालं. पण जाहिरातीतून शब्द काढता येतो, साहेबाच्या मनातला संशय कायद्यानं निघत नाही. तो निघतो शेजारच्या टेबलावर बसून रोज नीट काम केल्यानं. म्हणून कायदा झाला तरी या उमेदवारीचं काम संपलेलं नाही.

मात्र मैत्रिणींनो, प्रत्येक 'इंटर्नशिप' घेण्यासारखी असते असं नाही. नाव मोठं आणि आत हमाली, असाही प्रकार चालतो. सहा महिने स्वस्तात राबवून घ्यायचं, मग "जागा नाही" म्हणून दुसऱ्याला आणायचं. म्हणून त्या रात्री व्हिडिओ कॉलवर काकूंच्या लेकीला मी चार प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. तुमच्या घरात कोणावर ही वेळ आली तर तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न पगाराचा. पगार आहे का आणि किती? कमी असेल तर एक वेळ चालेल, पण फुकट नको. आणि कामाला लावून देतो म्हणून जो उलट आपल्याकडेच पैसे मागतो, त्याच्या दारात उभंच राहू नये.

दुसरा प्रश्न कामाचा. रोज नेमकं काय करायचं आहे? आपल्या विषयातलं काम आहे, की फायली इकडच्या तिकडे करायच्या आहेत? पहिल्या महिन्यात काय आणि सहाव्या महिन्यात काय, हे कागदावर मागावं.

तिसरा प्रश्न माणसाचा. आपलं काम कोण बघणार? चुकलं तर सांगणारं, दर आठवड्याला भेटणारं एक ठराविक माणूस हवंच. ते नसेल तर सहा महिने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून निघून जातात.

चौथा प्रश्न शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. काम संपल्यावर हातात काय मिळणार? प्रमाणपत्र तर हवंच, पण पुढच्या मालकानं फोन केला तर "हो, मी हिच्याबरोबर काम केलं आहे" असं सांगणारा माणूस मिळणार का? सगळी उमेदवारी त्या एका वाक्यासाठी असते.

आणि हे चार कंपनीला विचारताना पाचवा घरात विचारायचा. सहा महिन्यांनंतर आणखी तीन महिने काम मिळालं नाही, तर घर चालेल का? नवरा-बायकोनं वही-पेन घेऊन एकत्र बसून हा हिशेब करावा. 'तुझं तू ठरव' म्हणून तो एकीच्या अंगावर टाकू नये.

तिनं विचारलं. कामाबद्दलची उत्तरं बरी आली. पगार गोदामापेक्षा थोडा कमीच होता. दोघांनी हिशेब केला, त्या वर्षीचं भारतात येणं रद्द केलं, आणि तिनं गोदाम सोडलं. काकू माझ्यावर आठ दिवस रागावल्या होत्या. नातवाला बघायचं राहिलं ना!

पुढचे सहा महिने सोपे गेले असं मी सांगणार नाही. तिच्या कामावर देखरेख करणारी मुलगी सव्वीस वर्षांची. हिनं लिहिलेला अहवाल ती लाल करून परत द्यायची. "मावशी, पुण्यात मी लोकांचे अहवाल लाल करत होते," असं म्हणून एकदा रडली. चूक तपासणीत नसायचीच, लिहिण्याच्या पद्धतीत असायची. आपण आधी सगळी कारणं देतो आणि शेवटी निष्कर्ष सांगतो. तिथे निष्कर्ष पहिल्या ओळीत हवा. दुसरं म्हणजे, आपल्याकडे साहेब बोलत असताना गप्प बसणं ही रीत. तिथे बैठकीत गप्प बसलं तर हिला काही येत नाही असं समजतात. हे गोदामात दहा वर्षं काढली असती तरी तिला कळलं नसतं, आणि पुस्तकातही कुठे छापलेलं नसतं.

सहा महिने संपले. त्या कंपनीत जागा निघाली नाही. काकूंनी मला लगेच ऐकवलं, "सांगितलं नव्हतं?" पण त्याच सव्वीस वर्षांच्या मुलीनं दुसऱ्या एका कंपनीच्या साहेबाला फोनवर हिच्याबद्दल दहा मिनिटं सांगितलं, आणि दोन महिन्यांनी तिथे नोकरी लागली. नोकरी कायमची आहे, तिच्या विषयातली आहे. मात्र पुण्याच्या जागेपेक्षा दोन पायऱ्या खालची आहे. हेही मी लपवत नाही. खालची आहे, पण पुन्हा चढता येईल अशा जिन्यावरची आहे.

असे कार्यक्रम थोडे, त्यात जागा त्याहून थोड्या, आणि दाराशी रांग मोठी, हेही खरं. म्हणून जायच्या आधीच इथे काही तयारी करून ठेवावी. आपल्या पोरी कपडे, मसाले, कुकर सगळं आठवणीनं नेतात आणि कागद विसरतात. विद्यापीठाच्या सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, इथे असतानाच मिळवायची व्यवस्था करावी. कॅनडाला जायचं तर 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस'सारख्या संस्थेकडून आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची ते तपासून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कागद सहसा विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद लिफाफ्यातच जावे लागतात. सातासमुद्रापलीकडून नागपूरला खेटे घालता येत नाहीत, मग ते घालावे लागतात म्हाताऱ्या वडिलांना. जुन्या नोकरीतून निघताना नुसतं 'अमुक ते अमुक काळ नोकरीस होत्या' एवढंच पत्र घेऊ नये. काय काम केलं, हाताखाली किती माणसं होती, ते सविस्तर लिहून घ्यावं. साहेबाचा फोन नंबर घ्यावा आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या शुभेच्छा तरी पाठवाव्यात. पुढे कामाला येतो तो माणूसच.

हे सगळं वाचताना माझ्या मनात सारखं येत होतं, की परदेशाचं कशाला, आपल्या गल्लीत काय चाललंय? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात गाव बदललेल्या माणसांची संख्या पंचेचाळीस कोटींच्या घरात होती, आणि त्यात लग्नामुळे गाव बदललेल्यांचा वाटा निम्म्याच्या जवळपास. त्या बहुतेक सगळ्या बायकाच. आपल्या गोंदियाचा आणि पलीकडच्या बालाघाटचा तर जुना रोटी-बेटी व्यवहार. तिकडून बी.कॉम., बी.एड. होऊन आलेल्या किती सुना फुलचूर-गोंदियात घरी बसून आहेत! इथे त्यांना कोणी ओळखत नाही. शाळा हिंदी माध्यमाची झालेली असते, शिफारस करणारं माणूस माहेरी राहिलेलं असतं. टोरांटोत काकूंच्या लेकीला जे भोगावं लागलं, तेच या सुना दोन तासांच्या अंतरावर येऊन भोगतात.

आपल्याकडेही थोडे प्रयत्न झाले आहेत. टाटा समूहानं २००८ मध्ये संसारासाठी नोकरी सोडलेल्या शिकलेल्या बायकांसाठी एक योजना काढली. सुमारे पाचशे तासांचं खरंखुरं काम, सोयीच्या वेळा, आणि त्याचा मोबदला. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. अठरा ते पस्तीस वयाच्या तरुण-तरुणींना सुरुवातीला सहा महिन्यांचं काम, आणि पदवी असेल तर महिना दहा हजार रुपये विद्यावेतन. पण त्यात महाराष्ट्राची अधिवासी असण्याची अट होती. म्हणून बाहेरून आलेल्या सुनेचं लग्न झालं की रेशनकार्ड, आधार, लग्नाची नोंद हे कागद वर्षभरात नव्या गावचे करून घ्यावेत. घरातल्या मोठ्यांनी त्यात कंटाळा करू नये.

आणि सरकारची, टाटांची वाट तरी कशाला बघायची? तुमच्यापैकी कोणाची शाळा आहे, कोणाच्या यजमानांचं दुकान, राईस मिल, दवाखाना आहे. अशा एखाद्या सुनेला तीन महिने खरं काम द्या, वाजवी पगार द्या, आणि शेवटी चांगली चिठ्ठी द्या. लग्नानंतर मलाही पहिलं काम मिळालं ते दुसरीच्या रजेच्या जागेवर, अवघे दोन महिने. पण त्या बाईंनी दिलेल्या चार ओळींवर पुढची शाळा मिळाली. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.

आता शेवटचं, आयांसाठी. दर रविवारी फोनवर "लागली का नोकरी?" विचारणं बंद करा. लागली की ती आपणहून सांगणार आहे. "या आठवड्यात नवीन काय शिकलीस?" एवढं विचारा. आणि पोर इंटर्न झाली म्हणून चार जणांत लपवू नका. आपण लपवतो ते तिच्यापर्यंत पोचतं, आणि मग तिलाही स्वतःची लाज वाटू लागते.

परवा काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. कोणीतरी त्यांच्या लेकीची चौकशी केली. काकू ताठ बसून म्हणाल्या, "सहा महिने उमेदवारी करून नोकरी मिळवली तिनं. कोणाच्या वशिल्यानं नाही." मग हळूच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा दिवाळीला येणार आहेत बाप्पा. तेवढं नातवाचं राहिलं होतं."

तुमच्या घरी, तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर मला जरूर कळवा. कोणत्या वाटेनं गेली, कुठे अडली, कोणी हात दिला? तुमच्या पत्रातलं एखादं वाक्य दुसऱ्या एखादीच्या उपयोगी पडेल.